मे महिन्यात स्कॉटलंड: सोळा आणि तेरा वर्षांच्या मुलांसह सहल कशी आखावी?

मृद्गंध (नाशिक)

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही चौघे स्कॉटलंडला जाण्याचे ठरवत आहोत. मुलगी सोळा वर्षांची असून तिची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपेल. मुलगा तेरा वर्षांचा आहे. लहान मुलांना घेऊन परदेशी कसे जावे याविषयी मराठीत पुष्कळ लिहिलेले सापडते, परंतु या वयाच्या मुलांविषयी जवळजवळ काहीच सापडत नाही, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

मुलीला इतिहासाची आणि खडकांची आवड आहे. गेल्या वर्षी सांधण दरीत ती प्रत्येक थराचा फोटो काढत होती. मुलाला पूल, इंजिने आणि रेल्वे यांपलीकडे सध्या काही दिसत नाही. दोघांनी कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड केला आहे, त्यामुळे चालण्याची सवय आहे. सहल कंपनीच्या बसमधून फिरायचे नाही, हे दोघांनी आधीच स्पष्ट सांगितले आहे.

आमच्याकडे बारा दिवस आहेत. कच्चा आराखडा असा की एडिंबराला दोन दिवस राहावे, तेथून गाडी भाड्याने घेऊन उत्तर किनाऱ्याचा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा मार्ग पूर्ण करावा, मग स्काय बेट पाहून ग्लासगोमार्गे परतावे. गाडी यजमान चालवतील. मुलाला बेन नेव्हिस हे शिखर चढायचे आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडी चालतात. या आराखड्यात काय बदलावे, आणि मुलांना त्यात खरोखर रस वाटावा यासाठी काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तरवारा (ग्लासगो)

नमस्कार मृद्गंध. सर्वप्रथम, महिना उत्तम निवडला आहे. पश्चिम स्कॉटलंडमध्ये वर्षभर पाऊस असतो, पण एप्रिल ते जून हा काळ त्यातल्या त्यात कोरडा असतो, आणि मिज नावाची जी बारीक चावरी चिलटे उन्हाळ्यात डोंगराळ भागात थवेच्या थवे येतात ती मेच्या अखेरीपर्यंत फारशी त्रास देत नाहीत. इथल्या शाळांना जूनच्या अखेरीपर्यंत सुटी लागत नाही, त्यामुळे गर्दीही कमी असते. मेच्या मध्यावर रात्री नऊनंतरही उजेड राहतो. तेरा वर्षांच्या मुलाला जेवणानंतर पुन्हा बाहेर पडता येणे ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडची शाळांची सुटी नेमकी याच काळात येते, हा महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मिळणारा सर्वांत मोठा लाभ आहे असे मी मानतो.

आता आराखड्याविषयी. नॉर्थ कोस्ट ५०० या सहलीतून पूर्णपणे काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा मार्ग सुमारे ८३० किलोमीटरचा आहे आणि त्याचा मोठा भाग एकपदरी रस्त्यांचा आहे, जिथे समोरून गाडी आली की ठरावीक रुंद जागी थांबून तिला वाट द्यावी लागते. चालवणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्याला तो सुंदर वाटतो, मागच्या आसनावरच्या दोन मुलांना मात्र तो दिवसचे दिवस काचेतून दिसणारा देखावा वाटतो. या वयाच्या मुलांसाठी मुक्काम कमी आणि प्रत्येक मुक्काम मोठा असावा. एका गावात तीन रात्री राहिले की दुसऱ्या दिवसापासून त्यांना रस्ते, दुकाने, बसथांबे ओळखीचे होतात, आणि मग ती आपल्या पावलांनी हिंडू लागतात.

माझी सूचना अशी आहे. मुंबईहून लंडनला उतरावे आणि युस्टन स्थानकावरून कॅलेडोनियन स्लीपर या रात्रीच्या गाडीने थेट बेन नेव्हिसजवळच्या फोर्ट विल्यम या गावी जावे. ही गाडी शनिवारी रात्री सुटत नाही, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे. दोन-दोन शय्यांच्या खोल्या असतात. चौघांसाठी दोन खोल्या लागतील आणि त्या स्वस्त नाहीत, पण एका रात्रीचे हॉटेल आणि एक पूर्ण दिवसाचा प्रवास वाचतो. सकाळी जाग येते तेव्हा बाहेर रॅनक मूर हे दलदलीचे विस्तीर्ण माळरान असते. या दलदलीत रूळ टाकण्यासाठी अभियंत्यांनी झाडांच्या फांद्या, मुळे आणि माती यांचा जाड थर अंथरला आणि त्यावर लोहमार्ग अक्षरशः तरंगत ठेवला. हे आपल्या मुलाला आधीच सांगून ठेवावे. वाटेतले कोरूर हे स्थानक ४०८ मीटर उंचीवर असून तिथे कोणताही सार्वजनिक रस्ता पोहोचत नाही.

फोर्ट विल्यमला तीन रात्री राहावे आणि तिथे गाडी घेऊ नये. मॅलेगपर्यंतचा लोहमार्ग ग्लेनफिनन येथील २१ कमानींच्या काँक्रीटच्या पुलावरून जातो. वाफेच्या इंजिनाची ‘जॅकोबाइट’ गाडी याच मार्गावर धावते. तिची तिकिटे फार लवकर संपतात, तेव्हा मुलाला वाफेचे इंजिनच हवे असेल तर आत्ताच आरक्षण करावे. न मिळाल्यास हताश होण्याचे कारण नाही, कारण स्कॉटरेलची साधी गाडी त्याच पुलावरून कितीतरी कमी भाड्यात नेते. गावाजवळच बॅनव्ही येथे कॅलेडोनियन कालव्यावर ओळीने आठ जलपाशांची (दरवाजे लावून पाण्याची पातळी वरखाली करणाऱ्या टप्प्यांची) ‘नेपच्यूनची पायरी’ आहे. थॉमस टेलफर्डने आखलेला हा कालवा १८२२ मध्ये खुला झाला. बोटी एकेक टप्पा चढत वर येताना पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, आणि मुलाला तिथून हलवायला वेळ लागेल याची तयारी ठेवावी.

ग्लेनको ही दरी फोर्ट विल्यमहून बसने गाठता येते. १३ फेब्रुवारी १६९२ रोजी तिथे मॅकडोनल्ड कुळातील माणसांची हत्या झाली, आणि ती करणारे सैनिक त्याआधी जवळजवळ दोन आठवडे त्यांच्याच घरांत पाहुणे म्हणून राहत होते. मुलगी इतिहास वाचणारी आहे, तिला ही हकिकत अगोदर वाचायला द्यावी. मग ती दरी तिला केवळ सुंदर वाटणार नाही. कॉइर गाव्हेल, म्हणजे ‘हरवलेली दरी’, ही दोन डोंगरांच्या मधली लपलेली जागा दगडाधोंड्यांतून चढून दोन-तीन तासांत पाहून होते.

तिथून लॉख नेस या सरोवराच्या काठाने जाणाऱ्या बसने इनव्हरनेस गाठावे, तिथे गाडी भाड्याने घ्यावी, स्कायला तीन रात्री राहून गाडी इनव्हरनेसलाच परत करावी, एक रात्र तिथे काढावी आणि रेल्वेने साडेतीन तासांत एडिंबराला उतरावे. एडिंबराला शेवटी तीन रात्री. त्यामुळे गाडीचे भाडे फक्त गरज आहे तेवढ्याच दिवसांचे पडते. वाहन डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्या यजमानांना तेवढी अडचण येणार नाही, पण भाड्याच्या बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात. स्वयंचलित हवी असेल तर आधी सांगावे लागते. भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, तरीही काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, म्हणून तो नाशिकच्या आरटीओतून काढून आणणे हिताचे आहे.

मुलीच्या वयाची एक गोष्ट तिकिटे काढताना ध्यानात ठेवावी. रेल्वेत ५ ते १५ वर्षांपर्यंत अर्धे तिकीट असते, सोळाव्या वर्षापासून पूर्ण. मुलगा तेरा वर्षांचा असल्यामुळे आपल्याला ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड वापरता येईल; त्यावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सवलत मिळते, आणि मुलीला त्यात मोठ्यांमध्ये धरता येते. बावीस वर्षांखालील मुलांना स्कॉटलंडमध्ये बस मोफत आहे असे आपण वाचाल, परंतु ती सोय फक्त इथल्या रहिवाशांसाठी आहे. किल्ल्यांच्या बाबतीतही दोन वेगळ्या संस्था आहेत. एडिंबरा, स्टर्लिंग आणि लॉख नेसवरील अर्कहार्ट हे किल्ले हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडकडे आहेत, तर ग्लेनको आणि कलोडनची रणभूमी नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे. एकीचा पास दुसरीकडे चालत नाही.

मुलांना रस कसा वाटेल, हे आपण विचारले आहे. प्रत्येकाला एक पूर्ण दिवस द्यावा आणि तो खऱ्या अर्थाने द्यावा: कोठे जायचे, कोणती बस, किती वाजता निघायचे, जेवण कोठे आणि किती पौंडांत, हे सारे त्याने किंवा तिने ठरवायचे आणि आईवडिलांनी मागून चालायचे. फोर्ट विल्यमचा एक दिवस मुलाला आणि स्कायचा एक दिवस मुलीला, असे मी सुचवीन.

गडवाट (पुणे)

उत्तरवारा यांनी प्रवासाचा मार्ग उत्तम सांगितला आहे. मी फक्त डोंगरांविषयी लिहितो.

बेन नेव्हिसची उंची १,३४५ मीटर आहे आणि कळसूबाईची १,६४६, त्यामुळे सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तो सोपा वाटतो. परंतु बेन नेव्हिसची चढाई जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते, जाऊन-येऊन सात ते नऊ तास लागतात, आणि मे महिन्यातही माथ्यावर बर्फ असू शकतो. माथा सपाट असून एका बाजूला सरळ तुटलेले कडे आहेत. ढग उतरले की पायाखालची वाट दिसत नाही आणि उतरताना दिशा चुकणे जिवावर बेतू शकते. नकाशा आणि होकायंत्र वापरता येणारे कोणी बरोबर नसेल तर परवानाधारक वाटाड्या घ्यावा किंवा त्या वर्षी माथ्याचा हट्ट सोडावा. मुलाला हे वडीलधाऱ्यांच्या मनाई म्हणून सांगू नये. डोंगरी हवामानाचा अंदाज त्याच्यासमोर उघडावा, वाऱ्याचा वेग आणि माथ्यावरचे तापमान त्याला वाचू द्यावे आणि निर्णय चौघांनी मिळून घ्यावा. तेरा वर्षांच्या मुलाला हे चांगले समजते.

माथ्याऐवजी ग्लेन नेव्हिस या दरीतील ‘स्टील’ (Steall) नावाचा धबधबा पाहावा. घळीतून जाणारी वाट एकदम मोकळ्या कुरणात उघडते आणि समोर १२० मीटरवरून पाणी कोसळत असते. नदीवर तीन तारांचा पूल आहे, एका तारेवर पाय आणि दोन तारांवर हात. मुलांना तो लगेच ओलांडावासा वाटेल. पाऊस आणि नदीचे पाणी पाहून परवानगी द्यावी.

स्कायमधील ट्रॉटर्निश द्वीपकल्प आपल्या मुलीसाठी आहे. स्टॉरचा सुळका आणि क्विरँगचे कडे हे लाव्हाच्या थरांचे आहेत, आणि ते थर पाहताना सह्याद्रीत वाढलेल्या मुलीला ओळख पटल्याशिवाय राहणार नाही. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर स्कायचा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. फरक असा की स्कायमध्ये बेसॉल्टचे जड थर त्याहून जुन्या, मऊ ज्युरासिक गाळाच्या खडकांवर बसले आहेत. खालच्या खडकांना तो भार पेलला नाही, ते सरकले, आणि वरचा डोंगर तुकडे होऊन पुढे घसरला; स्टॉरचे सुळके आणि क्विरँगमधले कडेकपारीचे चक्रव्यूह त्यातूनच तयार झाले. क्विरँगची घसरण आजही पूर्ण थांबलेली नाही, त्यामुळे तिथल्या रस्त्याची वरचेवर दुरुस्ती करावी लागते. जवळच स्टॅफिनच्या आन कोरन किनाऱ्यावर डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत, पण ते ओहोटीलाच दिसतात. भरती-ओहोटीची वेळ शोधून त्यानुसार दिवस लावण्याचे काम मुलीकडे द्यावे. स्टॉरला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे, दुपारी वाहनतळावर जागा मिळत नाही.

काळ्या कुलिन रांगेच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिथे प्रस्तरारोहणाचे तंत्र लागते. ती रांग जवळून पाहायची असेल तर एल्गोल गावातून बोटीने लॉख कोरूस्कला जावे; वाटेत सील दिसतात आणि काठावर उतरून कुलिनच्या कड्यांनी वेढलेल्या तळ्यापर्यंत चालता येते.

या देशातील आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवरून आणि पाण्यावरून कोणालाही जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलेला आहे, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. फाटक उघडले तर बंद करावे, मेंढ्यांना बुजवू नये, पिकातून जाऊ नये. मे महिन्यात कोकरे लहान असतात, म्हणून अधिक काळजी घ्यावी. उंच गवतातून चालल्यावर रोज रात्री पाय आणि गुडघ्यांमागची जागा तपासावी, कारण तिथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

सेतुबंध (एडिंबरा)

वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, एका मुद्द्यावर मात्र नाही. पुलांची आवड असलेल्या मुलाला एडिंबरासाठी फक्त तीन रात्री देणे योग्य नाही. इनव्हरनेसची रात्र काढून टाकावी, स्कायहून परतताना कलोडन पाहून संध्याकाळच्या गाडीने एडिंबराला यावे आणि इथे चार रात्री राहावे.

साउथ क्वीन्सफेरीच्या घाटावर उभे राहिले की फोर्थ नदीच्या मुखावर तीन शतकांतले तीन पूल एकाच नजरेत दिसतात: १८९० चा रेल्वेचा लाल पोलादी पूल, १९६४ चा झुलता पूल आणि २०१७ चा तारांनी तोललेला क्वीन्सफेरी क्रॉसिंग. रेल्वेचा पूल सुमारे अडीच किलोमीटर लांब असून २०१५ पासून तो जागतिक वारसा आहे. त्याच्या काही वर्षे आधी, १८७९ मध्ये, टे नदीवरचा पूल वादळात गाडीसह कोसळला होता. फोर्थचा पूल इतका भक्कम का बांधला गेला याचे उत्तर त्या दुर्घटनेत आहे. पूल खालून पाहावा आणि मग डॅल्मेनी स्थानकावरून गाडीत बसून त्यावरून पलीकडे जाऊन यावे.

दुसरा दिवस फॉलकर्कसाठी ठेवावा. २००२ मध्ये सुरू झालेले फॉलकर्क व्हील हे फिरणारे यंत्र बोटींना एका कालव्यातून २४ मीटर वरच्या दुसऱ्या कालव्यात उचलून ठेवते. पूर्वी याच कामासाठी अकरा जलपाश ओलांडावे लागत. बोट पाळण्यात शिरली की ती आपल्या वजनाइतके पाणी बाहेर ढकलते, त्यामुळे दोन्ही पाळणे नेहमी समतोल राहतात आणि चाक फिरवायला अगदी थोडी वीज पुरते. आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत शिकलेल्या मुलाने ते इथे आपल्या डोळ्यांनी पाहावे.

मुलीसाठी एडिंबरात आर्थर्स सीट आहे. शहराच्या मधोमध २५१ मीटर उंचीची ही टेकडी सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा अवशेष आहे, आणि तिच्याच अंगाला असलेल्या सॅलिसबरी क्रॅग्जच्या खडकांचा जेम्स हटनने अठराव्या शतकात अभ्यास केला. पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मोजता येणार नाही, हे सांगणाऱ्या आधुनिक भूविज्ञानाची पायाभरणी त्याने केली. पायथ्याशीच होलीरूडची संसद आहे. तिथे प्रवेश मोफत आहे, आणि स्कॉटलंडच्या संसदेच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मतदान करता येते, हे तिला तिथे उभे राहून कळले तर ते अधिक पोहोचेल. राष्ट्रीय संग्रहालयही मोफत असून १९९६ मध्ये जन्मलेली, प्रौढ मेंढीच्या पेशीपासून क्लोन केलेली डॉली तिथे ठेवलेली आहे.

कलोडन मात्र अजिबात टाळू नये. १६ एप्रिल १७४६ रोजी जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, तिथे एका तासाच्या आत पराभव झाला, आणि त्यानंतर डोंगराळ भागातील कुळांची व्यवस्था मोडून काढण्यात आली. पुरुषांना त्यांचा पारंपरिक वेष घालण्यासही काही दशके बंदी होती. पुढच्या पिढ्यांतील पुष्कळ स्कॉटिश तरुण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरले. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन आणि साताऱ्याचा ग्रँट डफ हे दोघेही स्कॉटिशच होते. पेशवाईच्या अखेरीचा इतिहास वाचलेल्या मुलीला हा धागा आवडेल.

मृद्गंध (नाशिक)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे दोघा मुलांना वाचायला दिली, आणि नॉर्थ कोस्ट ५०० एकमताने गळला. मुलगी स्टॅफिनच्या ओहोटीच्या वेळा शोधत बसली आहे. स्कायच्या रात्री कमी करायच्या नाहीत आणि इनव्हरनेसची रात्र एडिंबराला द्यायची, असे ठरले.

दोन गोष्टी राहिल्या. एडिंबरात दोघांना दिवसा दोन-तीन तास आमच्याशिवाय फिरू द्यावे का? आणि शाकाहारी जेवणाचे डोंगराळ भागात कसे जमवावे?

उत्तरवारा (ग्लासगो)

दिवसा जरूर फिरू द्यावे. एडिंबराचा जुना भाग चालत फिरण्याजोगा आहे आणि किल्ला जवळजवळ सगळीकडून दिसतो, त्यामुळे दिशा कळते. दोघांच्या फोनमध्ये इथले सिम असावे, तातडीचा क्रमांक ९९९ माहीत असावा, आणि भेटण्याची जागा व वेळ पक्की असावी. रविवार सोडून दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते. तिच्या आवाजावर भेट ठरवली तर उशीर झाल्याची सबब राहत नाही.

जेवणासाठी स्कायला स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. ते लगेच शोधावे, कारण अशी पुष्कळ घरे शनिवार ते शनिवार आठवड्याच्या बोलीनेच दिली जातात आणि तीन रात्रींसाठी देणारी थोडी असतात. फोर्ट विल्यमला ग्लेन नेव्हिसच्या युथ हॉस्टेलमध्ये स्वतंत्र खोल्या आणि सामायिक स्वयंपाकघर मिळते. ते बेन नेव्हिसच्या पायथ्याशीच आहे. किराणा इनव्हरनेस किंवा फोर्ट विल्यमच्या मोठ्या दुकानातून भरून घ्यावा, स्कायमध्ये पोर्ट्री सोडले तर दुकाने लहान आहेत. डाळ-तांदूळ इथे मिळतात, मसाले आपले आणावेत. बाहेर जेवायचे असेल तर लवकर जावे, कारण लहान गावांतील उपाहारगृहांची स्वयंपाकघरे रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास बंद होतात, आणि बाहेर उजेड असल्यामुळे ते ध्यानात येत नाही. हॅगिस हा मूळचा मांसाहारी स्कॉटिश पदार्थ; ओट, कडधान्ये आणि भाज्यांचा त्याचा शाकाहारी प्रकार बऱ्याच ठिकाणी मिळतो. मुलांनी तो एकदा चाखावा.

व्हिसासाठी चौघांचे स्वतंत्र अर्ज करावे लागतात, मुलांचेही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून फेब्रुवारीत अर्ज करून मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसे देण्याची वेळ घ्यावी. मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे, तेव्हा तिची वेळ तरी फेब्रुवारीतच उरकावी.